जुन्या आउटबोर्ड मोटरला कोणता पंखा लावावा: एका बोटीचा प्रकरण अभ्यास

एका स्नेह्यांनी ४.८ मीटर लांबीची, फायबरग्लासची एक जुनी बोट विकत घेतली. तिच्या मागच्या फळीवर १९७९ सालची, तीन सिलिंडरची, टू-स्ट्रोक, ६० अश्वशक्तीची आउटबोर्ड मोटर होती. मोटर चावी फिरवताच सुरू होई, संथ गतीला स्थिर चाले आणि तिच्या वयाच्या मानाने धूरही बेताचाच सोडी. तक्रार बोटीच्या चालीची होती. दोघे जण बसले असता बोट बऱ्याच वेळाने पाण्यावर उचलली जाई, म्हणजे पाणी कापत जाण्याऐवजी त्याच्यावरून घसरत धावू लागे, आणि पूर्ण थ्रॉटलला ताशी ४१.५ किलोमीटरच्या पुढे सरकत नसे. चौघे बसले की नाक वर, मागची फळी पाण्यात खोल आणि मागे उंच लाट अशा अवस्थेत ती अडकून राही, आणि थ्रॉटल कितीही वेळ पुढे धरला तरी त्यातून बाहेर येत नसे.

मालकांचा निष्कर्ष आधीच झालेला होता. प्रोपेलर, म्हणजे ज्याला बोटीवरची माणसे सरळ पंखा म्हणतात तो, पाणी धरत नाही. म्हणून चार पात्यांचा, स्टेनलेस स्टीलचा पंखा घ्यावा, आणि तो कोणत्या मापाचा घ्यावा एवढेच मी सांगावे, अशी त्यांची अपेक्षा होती. त्यांच्या बाजूने एक पुरावाही होता. पूर्ण थ्रॉटलला टॅकोमीटर मिनिटाला ५२५० फेरे दाखवत होता आणि या मोटरसाठी पूर्ण थ्रॉटलचा पल्ला ५००० ते ५५०० फेरे असा ठरवून दिलेला आहे. मोटर आपल्या पल्ल्यात फिरते आहे आणि बोट मात्र पुढे जात नाही, तेव्हा दोष पकडीचाच असणार, हा तर्क ऐकायला सरळ वाटतो. मी त्यांना एवढेच म्हटले की माप सांगण्यापूर्वी सध्याच्या पंख्याचा हिशेब एकदा मांडून पाहू.

आकड्यांचा हिशेब

पंख्यावर साधारणपणे दोन आकडे कोरलेले असतात. पहिला व्यास, म्हणजे पात्यांची टोके ज्या वर्तुळात फिरतात त्याची रुंदी. दुसरा पिच, म्हणजे घट्ट लाकडात स्क्रू शिरावा तसा पंखा न घसरता फिरला तर एका फेऱ्यात किती इंच पुढे जाईल ते अंतर. पाणी लाकडासारखे घट्ट नसते, त्यामुळे प्रत्यक्षात बोट त्याहून कमी सरकते आणि ही तूट टक्क्यांत मांडली की तिला स्लिप म्हणतात. स्लिप म्हणजे दोष नव्हे. पाणी मागे ढकलल्याशिवाय बोट पुढे जाऊच शकत नाही, त्यामुळे थोडी स्लिप असणारच. पाण्यावर उचलल्या जाणाऱ्या हलक्या बोटीत पूर्ण वेगाला ती साधारण १० ते १५ टक्के असते, आणि बोट जड असेल तर २० टक्क्यांच्या पुढेही जाते.

या बोटीच्या पंख्यावरचे आकडे रंगाच्या थरांखाली बुजले होते आणि खरवडून काढल्यावर १३ आणि १९ असे अर्धवट दिसले. जुन्या पंख्याच्या बाबतीत कोरलेल्या आकड्यावर पूर्ण विसंबू नये, कारण वीस-तीस वर्षांत पाती वाकतात, ठोकून सरळ केली जातात आणि दुरुस्तीत पिच इंच-दीड इंच बदलून जातो. म्हणून पंखा सपाट टेबलावर ठेवून, केंद्रापासून त्रिज्येच्या सात-दशांश अंतरावर, पात्याच्या पृष्ठभागाची उंची ४० अंशांच्या फरकाने दोन ठिकाणी मोजली. फरक ५३.५ मिलिमीटर भरला. त्याला ३६० ने गुणून ४० ने भागले की पूर्ण फेऱ्याचे अंतर ४८१.५ मिलिमीटर, म्हणजे १९ इंच येते. तिन्ही पाती जवळजवळ सारखी निघाली, तेव्हा आकडा खरा होता.

गिअरचे प्रमाणही ऐकीव न घेता मोजून घेतले. स्पार्क प्लग काढून, मोटर पुढच्या गिअरमध्ये टाकून, वरचे फ्लायव्हील हाताने तिच्या नेहमीच्या दिशेनेच फिरवले. उलट दिशेने फिरवले तर पाण्याच्या पंपाच्या रबरी पात्यांना इजा होऊ शकते. फ्लायव्हीलचे २९ फेरे झाले तेव्हा पंख्याचे बरोबर १२ झाले, म्हणजे प्रमाण २.४२.

एवढे हाती आल्यावर हिशेब सोपा आहे. मोटरचे फेरे गुणिले इंचांतला पिच, भागिले गिअरचे प्रमाण, आणि उत्तराला ०.००१५२४ ने गुणले की ताशी किलोमीटरमध्ये सैद्धांतिक वेग मिळतो. ५२५० फेरे, १९ इंच आणि २.४२ या आकड्यांतून तो वेग ६२.८ किलोमीटर येतो. जीपीएसवर मोजलेला वेग, वाऱ्याच्या आणि प्रवाहाच्या दोन्ही दिशांना धावून घेतलेल्या नोंदींची सरासरी, ४१.५ होता. म्हणजे स्लिप ३४ टक्के.

या एका आकड्याने सगळ्या प्रकरणाची दिशा बदलली. पाण्यावर उचललेली, सरळ रेषेत धावणारी, अखंड पात्यांची बोट ३४ टक्के स्लिपने चालणे जवळजवळ अशक्य आहे. इतकी तूट दिसते तेव्हा पुढील तिघांपैकी एक गोष्ट घडत असते: पंख्याच्या गाभ्यातले रबरी बुश शाफ्टवर घसरत असते, पाती हवा ओढून घेत असतात, किंवा हिशेबात घातलेला एखादा आकडा खोटा असतो. यांपैकी कोणत्याही कारणावर चार पात्यांचा स्टेनलेस पंखा हा उपाय नव्हता.

बुश, हवा आणि खोटे बोलणारा टॅकोमीटर

रबरी बुशाची परीक्षा खर्चाशिवाय होते. पंख्याच्या मागच्या तोंडाशी आतल्या धातूच्या नळीपासून बाहेरच्या कवचापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढायची, पाण्यात पूर्ण जोराने चार-पाच धावा घ्यायच्या आणि मग रेघ पाहायची. बुश घसरले असेल तर रेघ तुटून तिचे दोन तुकडे वेगळ्या जागी गेलेले दिसतात. येथे ती होती तशीच राहिली.

हवा ओढली जाण्याचा प्रकार मालक ‘कॅव्हिटेशन’ म्हणून सांगत होते, आणि हा गैरसमज इतका सार्वत्रिक आहे की त्याबद्दल दोन वाक्ये लिहिणे भाग आहे. पृष्ठभागावरची हवा किंवा मोटरचा धूर पात्यांत शिरून पंखा अचानक मोकळा फिरू लागतो त्याला व्हेंटिलेशन म्हणतात. कॅव्हिटेशनमध्ये बाहेरची हवा येतच नाही, तर पात्यावरचा दाब इतका उतरतो की पाणी आहे त्या तापमानालाच उकळून वाफेचे बुडबुडे होतात आणि ते फुटताना धातूवर खड्डे पाडतात. व्हेंटिलेशन झाले असते तर फेरे एकदम उसळले असते आणि आवाज बदलला असता. तसे काही होत नव्हते. उलट मोटरचा आवाज दबलेला आणि जड होता. पात्यांवर खड्डेही नव्हते.

तो जड आवाजच मला खटकत होता. ५२५० फेऱ्यांना टू-स्ट्रोक मोटर ज्या सुरात गाते तो सूर कानाला ओळखीचा असतो, आणि हा त्याहून स्पष्टपणे खालचा होता. टॅकोमीटर मूळचा नव्हता. आधीच्या मालकाने तो कधीतरी बदलला होता. अशा सर्वसाधारण टॅकोमीटरच्या पाठीमागे ४, ५ आणि ६ असे आकडे असलेली एक फिरकी असते, आणि मोटरच्या अल्टरनेटरकडून दर फेऱ्याला विजेचे किती ठोके येतात त्यानुसार ती लावावी लागते. या मोटरच्या अल्टरनेटरला १२ चुंबकीय ध्रुव, म्हणून दर फेऱ्याला ६ ठोके. फिरकी होती ५ वर. म्हणजे यंत्र प्रत्येक सहा ठोक्यांना एकऐवजी एक पूर्णांक एक-पंचमांश फेरा मोजत होते आणि खऱ्यापेक्षा २० टक्के जास्त दाखवत होते. ५२५० चे खरे मोल ४३७५. स्पार्क प्लगच्या तारेवर अडकवायच्या वेगळ्या मापकाने पडताळले तेव्हा तो ४३८० च्या आसपास स्थिरावला.

४३७५ घालून हिशेब पुन्हा मांडला की सैद्धांतिक वेग ५२.४ आणि स्लिप सुमारे २१ टक्के येते. जड बोटीसाठी हा आकडा पटण्यासारखा आहे. पंखा पाणी व्यवस्थित धरत होता. मोटर त्याला पुरेसे फिरवू शकत नव्हती. मालकांना वाटत होते त्याच्या बरोबर उलट दुखणे निघाले. त्यांच्या कल्पनेप्रमाणे आणखी घट्ट पकडीचा पंखा लावला असता तर फेरे आणखी खाली गेले असते.

कमी फेऱ्यांचे नुकसान

पूर्ण थ्रॉटलला मोटर ठरलेल्या पल्ल्याच्या ६०० फेरे खाली अडकून राहणे हे केवळ वेगाचे नुकसान नसते. चढणीवर गाडी वरच्या गिअरमध्येच रेटत नेल्यासारखी ती स्थिती असते. थ्रॉटल पूर्ण उघडा, सिलिंडरमध्ये मिश्रण भरपूर, पण पिस्टन हळू सरकत असल्यामुळे दाब आणि उष्णता अधिक काळ एकाच जागी राहतात. इंधन वेळेआधी भडकण्याचा धोका वाढतो, कार्बन साचतो, पिस्टनच्या कड्या अडकतात. जुन्या टू-स्ट्रोक मोटरमध्ये पिस्टनचा माथा वितळून भोक पडण्याच्या कारणांत हे एक मोठे कारण आहे. शिवाय हा बोजा केवळ पूर्ण थ्रॉटललाच असतो असे नाही. मध्यम वेगाने शांतपणे जाताना देखील मोठ्या पिचचा पंखा त्याच फेऱ्यांना मोटरकडून जास्त जोर मागत असतो.

उलट टोकही वाईटच आहे. पिच फार कमी ठेवला तर मोटर पल्ल्याच्या वर पळते आणि कनेक्टिंग रॉड व बेअरिंग यांच्यावर त्यांच्या आवाक्याबाहेरचा ताण येतो. दोन्हींच्या मधली जागा शोधणे म्हणजेच पंखा निवडणे, आणि जुन्या मोटरच्या बाबतीत मी नेहमी वरच्या टोकाकडे झुकतो: हलक्या वजनाला ५५०० च्या जवळ पण त्याच्या आत, आणि नेहमीच्या सर्वांत जड वजनालाही ५००० च्या वर.

येथे अश्वशक्तीच्या आकड्याविषयीही सांगितले पाहिजे. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून आउटबोर्डची शक्ती पंख्याच्या शाफ्टवर मोजून सांगण्याची पद्धत रूढ झाली. त्याआधीच्या बऱ्याच मोटरांवरचा आकडा क्रँकशाफ्टवरचा आहे, आणि गिअर व पंप यांत जाणारी शक्ती त्यातून वजा केलेली नाही. म्हणून १९७९ च्या ६० अश्वशक्तीला आजच्या ६० अश्वशक्तीच्या तक्त्यावरून पंखा निवडला तर तो जड पडण्याची शक्यता जास्त असते. हा पंखा बहुधा तसाच निवडला गेला असावा.

पंख्याला हात लावण्यापूर्वी

१९ चा पंखा काढून टाकायचा हे आता निश्चित होते, पण किती खाली उतरायचे हे ठरवण्याआधी मोटर आणि बोट त्यांच्या खऱ्या स्थितीत आणणे आवश्यक होते. आजारी मोटरला साजेसा पंखा निवडला तर मोटर बरी झाल्यावर तो चुकीचा ठरतो.

तिन्ही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना आत तयार होणारा दाब, ११८, १२० आणि ११४ पौंड प्रति चौरस इंच भरले. या मोजमापात निव्वळ आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा असतो आणि तो १० टक्क्यांच्या आत असल्याने मोटरच्या आतल्या तब्येतीची चिंता मिटली. दोष बाहेर सापडला. मोटर बंद ठेवून थ्रॉटलचा दांडा पूर्ण पुढे केला आणि झाकण उघडून पाहिले, तर कार्ब्युरेटरच्या झडपा पूर्ण उघडतच नव्हत्या. केबल वर्षानुवर्षे ताणली गेली होती. केबलच्या टोकाची जुळवणी करताच खरे फेरे सुमारे १५० ने वाढले. ज्या जुन्या बोटी ‘पूर्वीसारख्या धावत नाहीत’ त्यांत ही तपासणी सर्वांत आधी करावी असे माझे ठाम मत आहे, कारण तिला पाच मिनिटे लागतात आणि ती क्वचितच कोणी करतो.

बोटीचे वजन हा या प्रकरणातला सर्वांत दुर्लक्षित भाग ठरला. ट्रेलरसह बोट वजनकाट्यावर नेली, मग रिकाम्या ट्रेलरचे वजन वजा केले, तर बोट आणि मोटर मिळून ६४० किलो भरले. बोटीच्या पट्टीवरचे वजन आणि मोटरचे वजन यांची बेरीज मात्र ५२० च्या आसपास येत होती. उरलेले १२० किलो म्हणजे तळाखालच्या तरंगत्या फोममध्ये मुरलेले पाणी. हा फोम पाणी पीत नाही अशी समजूत आहे, परंतु दशकानुदशके ओल्यात राहिल्यावर तो पितो आणि सहजासहजी सोडत नाही. मालक वर्षभर दीड माणसाचे वजन न दिसता वाहून नेत होते. तळाची फळी उचलून मागच्या भागातला सर्वांत भिजलेला फोम काढला आणि त्या जागी नवा बसवला, कारण बुडत्या वेळी बोट तरंगत ठेवणारा भाग रिकामा सोडून चालत नाही. वजन ९० किलोंनी उतरले. पुढच्या भागातले उरलेले पाणी तसेच ठेवून तूर्त काम पुढे नेले.

शेवटी मोटरची उंची. पंख्याच्या वर जी आडवी प्लेट असते ती बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा किंचित वर असावी असा सर्वसाधारण दंडक आहे. येथे ती तळाच्या ३२ मिलिमीटर खाली होती, म्हणजे मोटरचा तेवढा पाय विनाकारण पाण्यात ओढला जात होता. मागच्या फळीवरचे बोल्ट सोडवून मोटर एक भोक, १९ मिलिमीटर, वर घेतली. आणखी एक भोक वर घेता आली असती, पण लाटांत आणि चौघांसह वळण घेताना पंख्याने हवा ओढू नये म्हणून तेथेच थांबलो. तीव्र वळणे घेऊन पाहिली. पकड सुटली नाही.

सगळे झाल्यावर त्याच १९ इंची पंख्यावर, दोघांसह, खरे फेरे ४६०० आणि वेग ४३.५ मिळाला. चौघांसह बोट आता उचलली जाऊ लागली, पण त्यासाठी १४ सेकंद लागत.

तीन पंखे, एक दुपार

पिच एका इंचाने कमी केला की पूर्ण थ्रॉटलचे फेरे साधारण १५० ते २०० ने वाढतात, हा या क्षेत्रातला भरवशाचा अंदाज आहे. ४६०० वरून ५३०० ते ५५०० गाठायचे तर साधारण चार इंच उतरावे लागेल, म्हणजे १५ चा पिच. अंदाज असा कागदावर झाल्यावरही उसने पंखे लावून पाहिल्याशिवाय खरेदी करू नये, या आग्रहापोटी १७, १५ आणि १३ इंच पिचचे, तीन पात्यांचे, अ‍ॅल्युमिनियमचे पंखे मिळवले. तिघांचे व्यास अनुक्रमे १३¼, १३¾ आणि १४ इंच होते. पिच उतरतो तसा व्यास वाढतो हे मुद्दाम केलेले असते, आणि म्हणूनच केवळ पिचचा आकडा पाहून दोन पंख्यांची तुलना करू नये. आकाराचे प्रमाण तेच ठेवून पंखा ५ टक्क्यांनी मोठा केला तर तितक्याच फेऱ्यांना लागणारी शक्ती सुमारे २८ टक्क्यांनी वाढते, कारण ती व्यासाच्या पाचव्या घातात बदलते. आणि फेऱ्यांच्या बाबतीत ती तिसऱ्या घातात बदलते.

प्रत्येक पंखा बदलताना मोटरची चावी काढून, स्पार्क प्लगच्या तारा सोडवून, पाते आणि वरची प्लेट यांच्या मध्ये लाकडाचा ठोकळा अडकवूनच नट सोडला. गिअरमध्ये राहिलेली जुनी मोटर पंखा हाताने फिरवल्यावर देखील सुरू होऊ शकते, म्हणून घाईच्या दिवशीही या क्रमात कुचराई करू नये.

दुपारी वारा पडलेला होता, इंधन अर्धी टाकी, आणि प्रत्येक धाव दोन्ही दिशांना. दोघांसह १७ च्या पंख्याने ४९५० फेरे आणि ताशी ४४.५ किलोमीटर दिले, स्लिप १६ टक्के. १५ च्या पंख्याने ५३५० फेरे दिले आणि वेग पुन्हा ४४.५ च, स्लिप १२ टक्के. १३ च्या पंख्याने ५७५० पर्यंत उसळी घेतली. आकडा दिसताच थ्रॉटल मागे घेतला, तेव्हाचा वेग ४२.५ होता.

१७ आणि १५ या दोघांनी दिलेला सारखाच वेग मला या सगळ्या नोंदींतला सर्वांत बोलका आकडा वाटतो. दोन इंच पिच कमी होऊनही वेग घटला नाही, कारण मोटर जेथे तिची पूर्ण शक्ती देते त्या फेऱ्यांपर्यंत ती आता पोहोचत होती. मोठा पिच म्हणजे जास्त वेग हा समज याच ठिकाणी फसतो. पिच वेग देत नाही. तो मोटरवर किती बोजा टाकायचा ते ठरवतो आणि वेग मोटरच्या शक्तीतून येतो.

खरा फरक चौघांना बसवल्यावर दिसला. १७ च्या पंख्याला बोट पाण्यावर उचलायला ९ सेकंद लागले आणि फेरे ४७०० वर अडकले. १५ ला ६ सेकंद, फेरे ५१००, वेग ४१.५. तेरा इंची पंख्याने ५ सेकंदांत उचलली आणि ५४०० फेरे दिले. केवळ चौघांनाच नेहमी घेऊन जायचे असते, किंवा मागे दोर बांधून कोणाला ओढायचे असते, तर मी १३ निवडला असता. पण ही बोट बहुतेक दिवशी दोघांना घेऊन जाते, आणि त्या वजनाला १३ चा पंखा मोटरला दर वेळी पल्ल्याबाहेर नेईल, हे थ्रॉटल धरणाऱ्याच्या सावधगिरीवर सोपवणे मला मान्य नव्हते. १५ इंची पंखा हलक्या वजनाला ५५०० च्या आत आणि जड वजनाला ५००० च्या वर राहतो. निवड तेथे संपली.

स्टेनलेस आणि चार पात्यांचा प्रश्न

मालकांच्या मूळ मागणीचा विचार मी बाजूला सारला नाही. स्टेनलेस स्टीलची पाती पातळ करता येतात, जोराखाली वाकत नाहीत, आणि त्याच मापात अ‍ॅल्युमिनियमपेक्षा थोडा अधिक वेग देतात, हे खरे आहे. परंतु तोच कणखरपणा जुन्या मोटरला भारी पडू शकतो. पाण्याखालच्या दगडाला धडकल्यावर अ‍ॅल्युमिनियमचे पाते वाकते किंवा तुटते आणि धक्क्याचा बराचसा भाग स्वतः घेते. स्टेनलेसचे पाते तो धक्का पुढे शाफ्टकडे आणि गिअरकडे पाठवण्याचा संभव जास्त. रबरी बुश मधे असते, पण त्याच्यावर सगळी भिस्त ठेवता येत नाही. ज्या मोटरचे गिअर शोधून मिळवावे लागतात तिच्या बाबतीत पंखा मोडणे हे गिअर मोडण्यापेक्षा कितीतरी बरे. जड पंख्यामुळे गिअर टाकतानाचा ठोकाही वाढतो.

चार पाती कमी वेगाला बोट पाण्यावर टिकवून धरतात, वळणात पकड सोडत नाहीत आणि थरथर कमी करतात. बदल्यात फेरे थोडे खाली आणतात, म्हणून त्यांच्यासोबत पिच साधारण इंचभर कमी घ्यावा लागतो. या बोटीला पकडीची अडचण नव्हतीच, त्यामुळे तो खर्च टाळला. पात्याच्या मागच्या कडेला दिलेला किंचित वाक, ज्याला कप म्हणतात, तोही याच कारणासाठी नको म्हटला, कारण तो इंचभर पिच वाढवल्यासारखा फेरे खाली ओढतो.

बसवणी

नवा पंखा बसवताना जुन्या मोटरवर सर्वांत जास्त चुका होतात त्या वॉशरच्या क्रमात. पंख्याच्या पुढे बसणारा जाड थ्रस्ट वॉशर उलटा बसला किंवा राहून गेला तर पंखा गिअरच्या कवचावर घासतो आणि पुढे रेटणारा सगळा जोर चुकीच्या जागी पडतो. येथे तो जुन्या पंख्याला चिकटून निघून आला होता आणि त्याच्यासह कचऱ्यात जाता जाता वाचला. शाफ्टवर, सीलच्या तोंडाशी, मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याचे वेटोळे सापडले. ते सील कापण्याच्या बेतात होते. गिअरचे तेल काढून पाहिले, ते दुधाळ झालेले नव्हते, म्हणजे पाणी आत शिरलेले नव्हते. शाफ्टच्या दात्यांना पाण्यात न धुपणारे ग्रीस लावून पंखा बसवला, नट ठरलेल्या जोराने आवळला आणि पिन नवी घातली.

१९ चा पंखा मालकांनी जादा म्हणून बोटीत ठेवायचे ठरवले होते. त्याला मी विरोध केला, कारण दूर पाण्यात पंखा मोडला आणि तोच लावून परतायचे झाले तर मोटर पुन्हा जुन्याच बोजाखाली चालेल. जादा म्हणून १३ चा पंखा ठेवला. हळू परतायला तो उत्तम, आणि जड वजनाच्या दिवशी उपयोगीही. त्याच्यासोबत एक नट, एक थ्रस्ट वॉशर, दोन पिना, ठोकळा आणि पाना एका पिशवीत बांधून ठेवला. टॅकोमीटरची फिरकी ६ वर आणून तिच्यावर रंगाचा ठिपका दिला, म्हणजे कोणी ती हलवली तर लगेच दिसेल. सगळ्या धावांच्या नोंदी, वजन, माणसे आणि इंधन यांच्यासह, मोटरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवल्या आहेत.

उरले आहे ते बोटीच्या पुढच्या भागातले भिजलेल्या फोमचे काम. तेथे अजून सुमारे ३० किलो पाणी असावे. ते निघाल्यावर दोघांसह पूर्ण थ्रॉटलची धाव पुन्हा घ्यायची आहे, आणि १५ इंची पंख्यावर फेरे ५५०० ओलांडू लागले तर १७ चा पंखा परत मागवून, त्याच वजनांवर, पुन्हा मोजायचा आहे.